विषय: आठवण

आमच्या कंपनीच्या गेटवरून कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. आत गाड्यांचे नवे सुटे भाग बनतात, त्यांचे फोटो बाहेर जायला नकोत, असा नियम. चाकणच्या पट्ट्यात यात नवल नाही. मोठा फोन वॉचमनकडे जमा करा, सुटताना रांगेत उभं राहून परत घ्या, हा रोजचा कुटाणा नको म्हणून आमच्यातले पुष्कळ जण बटणांचा साधा फोन बाळगतात. आदिनाथकडेही तसलाच एक होता. तीनचं बटण जरा आत गेलेलं, पाठीमागचं झाकण रबराने आवळलेलं. असल्या फोनमध्ये माउली उतरेल असं कुणी मला आधी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

आदिनाथ प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, मी शेजारच्या लाइनवर. दोघंही चऱ्होलीचे, दोघंही एकाच बसचे. गावात भजन असलं की तो चाल म्हणतो आणि मी त्याच्यामागे टाळ घेऊन उभा असतो. त्याचे वडील तात्याबा म्हणजे आमच्या गावचे कीर्तनकार. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन करायचं ते तात्याबांनी, हे मला कळायला लागायच्या आधीपासून चालत आलेलं. देव गवळ्यांच्या पोरांत मांडी घालून बसतो आणि सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, हे तात्याबा सांगायला लागले की मंडपातल्या माणसाच्या जिभेवर दह्याची चव यायची. माझ्या तरी यायची.

दिवाळीनंतर तात्याबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोललेलं त्यांना किती समजतंय ते सांगता येणार नाही, आणि अक्षर ओळखता येईल याचा भरवसा धरू नका. तात्याबा पडवीत खाटेवर टेकून बसायचे आणि समोर बघायचे. हाक मारली तर कधी मान वळायची, कधी नाही. हळूहळू घरातले आणि आल्यागेलेले सगळेच त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायला लागले, माणूस तिथं नसल्यासारखं. मीही बोललो असेन.

चैत्रातल्या सप्ताहाची बोलणी सुरू झाली तेव्हा मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव आदिनाथच्या घरी आले. मी तिथंच होतो.

"आदिनाथ, काल्याचं कीर्तन तुमच्या घरचं. पण औंदा बाहेरचा महाराज बोलवायचा तर आत्ताच तारीख धरावी लागंल. काय करायचं बोल."

"मी करतो," आदिनाथ म्हणाला.

हिंदुरावांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. "तू चाल म्हणतोस. गोड म्हणतोस. पण कीर्तन म्हंजे चाल न्हवं, लेका."

"म्हाईत हाय, काका."

"औंदा पडलं तर फुडल्या साली बाहेरचा यील. एकदा गेलेलं मग तुमच्या घरात परत यायचं न्हाई. मी म्हणून बोलतोय, बाकीचे त्वांडावर बोलायचे न्हाईत."

तात्याबा भिंतीकडे बघत होते. आदिनाथने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा म्हणाला, "मी करतो."

करतो म्हणाला, पण वेळ कुठून आणायचा. पाळी, वर ओव्हरटाइम, घरी दोन म्हशी. विचार सुचायचा तो नेमका प्रेस चालू असताना. घरी पोचेपर्यंत त्यातला निम्मा सांडलेला असायचा. सुरुवातीला तो फोनमध्येच टिपून ठेवायचा. एक दिवस फोन मशीनच्या तेलपाण्यात पडला आणि लिहिलेलं सगळं गेलं. त्याची बायको हर्षाली मोशीकडच्या एका गोदामात बिलिंगला आहे. ती म्हणाली, "स्वतःलाच ईमेल करा. फोन पडू दे, जळू दे, लिहिलेलं राहतं."

"राहतं कुठं पण?"

"वर."

"वर म्हंजे?"

"ते आता मलाही नीट सांगता येणार नाही. पण राहतं, एवढं खरं."

आदिनाथने हे मला बसमध्ये सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनीही नकळत खिडकीतून वर बघितलं.

घरात ईमेल एकच होता, तात्याबांच्या नावाचा, कधीतरी शेतकऱ्यांच्या कुठल्याशा योजनेसाठी काढलेला. हर्षालीने तोच त्याच्या फोनला जोडून दिला. त्यामुळे पाठवणारा तात्याबा आणि घेणाराही तात्याबा. आदिनाथ विषयाच्या रकान्यात 'आठवण' एवढंच लिहायचा आणि खाली जेवणाच्या सुट्टीत बटणं दाबून दाबून दोन ओळी. 'म्हशीचं औषध.' 'अभंगाचं दुसरं चरण हळू.' 'कँटीनमध्ये रोज काला होतो, ते सांगायचं.' आठवणीत औषधही आणि अभंगही, एकाखाली एक. मला ते फार आवडायचं. देवाकडे मागताना आपणही असंच मागतो, नाही का, मोक्ष आणि पाऊस एका दमात.

पहिलं उत्तर आलं ते त्या कँटीनच्या आठवणीला. त्याने लांबलचक लिहिलं होतं. लातूरकडच्या पोराची कडक भाकरी, कोकणातल्या भावाच्या आंबोळ्या, बिहारच्या पोरांचं लोणचं, सगळे डबे मधोमध येतात, कुणाचा घास कुणाच्या तोंडात ते कळत नाही, वगैरे. सुटल्यावर बसमध्ये त्याने ईमेल उघडला तर त्याच्या खाली एक शब्द होता.

'लांब.'

"खिशात बटण दाबलं गेलं असंल," मी म्हणालो. "माझ्या फोनने एकदा मेव्हण्याला आपोआप फोन लावला होता."

"आपोआप 'लांब' लिहिलं?"

 दुसऱ्या दिवशी त्याने तेच थोडक्यात लिहून पाठवलं. दुपारी खाली उत्तर: 'आधी भूक. मग डबा.'

ते आदिनाथने मला सुटल्यावर बसमध्ये दाखवलं.  काल्याच्या कीर्तनात आपण शिदोऱ्यांची वर्णनं करत बसतो, आणि पोरं रानात सकाळपासून उपाशी गुरं राखतायत हे सांगायचंच राहतं. भूक नसेल तर काल्याला चव कुठली? इतकी वर्षं मी काल्याची कीर्तनं ऐकली, मला हे कधी सुचलं नाही. आणि हे आलं कुठून, तर रबराने आवळलेल्या फोनमधून, आदिनाथ वापरतो त्याच पत्त्यावरून, आदिनाथलाच.

त्याने घरी हर्षालीला विचारलं. ती म्हणाली, "दिवसभर मला पाणी प्यायला सवड नसते, तुमचं कीर्तन कुठं दुरुस्त करू?" मग आमच्या लाइनवरच्या ऋतिकला विचारलं. त्याला फोनातलं सगळं कळतं असं तो स्वतः म्हणतो.

"हॅक झालंय, भावा," ऋतिक म्हणाला. "पासवर्ड बदल."

"हॅक करून तो माझं कीर्तन कशाला सुधारील?"

ऋतिकने जरा विचार केला. "तुझ्या अकाउंटमध्ये चोरायसारखं दुसरं काय न्हाय ना, राव. बसला असंल वाचत. लागली असंल गोडी."

आदिनाथने पासवर्ड बदलला नाही. उत्तरं येत राहिली. कधी एक शब्द, कधी तीन. काना-मात्रा सुटलेल्या, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, जणू कुणी दम खात खात जिना चढतंय. 'हसव आधी.' 'देवाला मोठं करू नको. पोरांत बसव.' येणार ती दुपारचीच. मी तर मनाशी ठरवूनच टाकलं होतं, ही माउलीच. मी आदिनाथला म्हणालो, "हे बघ, तू सेवा अंगावर घेतलीस. आता चालवणारा चालवतोय. विचारू नको."

पण त्याला राहवेना. एका दुपारी, सगळे हात धूत असताना, त्याने लिहिलं: 'आठवण. आपण कोण आहात?'

उत्तराला उशीर लागला. पाळी सुटताना आलं. 'पहाटे चाल चढी लावलीस. खाली घे.'

आदिनाथने ते दोनदा वाचलं. त्याने फोन माझ्याकडे दिला. पहाटे तो गोठ्यात धार काढताना चाल घोळत होता. "साहेबराव," तो म्हणाला, "गोठ्यात मी आणि म्हशी. दुसरं कुणी नव्हतं."

 मी बसमध्येच डोळे मिटले. धारेचा आवाज, शेणाचा वास, अंधूक उजेड, आणि तिथं उभं राहून कुणीतरी ह्या पोराची चाल ऐकतंय. मला वाटलं, आपण आळंदीला जातो, रांगेत उभे राहतो, आणि हे इथं गोठ्यात येऊन उभं राहतंय. गोठ्याच्या भिंतीपलीकडे पडवी आहे आणि पडवीत खाट आहे, हे त्या घरात लहानपणापासून जाणाऱ्या मला त्या क्षणी आठवलं नाही. आदिनाथलाही नाही. आम्ही इतके वर बघत होतो.

सप्ताह तोंडावर आला. एका सकाळी कंपनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि जेवणाच्या आधीच आम्हाला सोडलं. बसला उशीर होता, म्हणून एका ओळखीच्याच्या टेम्पोत बसलो. निघताना आदिनाथने गेटवर उभं राहून एक आठवण लिहिली. तो दोन दिवस त्यातच अडकला होता. पोरांनी चाखलेला, उष्टा घास देव आवडीने खातो, हे कीर्तनात येतंच. पण का खातो? प्रेमाने, असं सगळेच म्हणतात. तेवढ्याने त्याचं समाधान होत नव्हतं. त्याने लिहिलं: 'देव उष्टं का खातो ते कसं सांगू?'

आम्ही चऱ्होलीत उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आदिनाथच्या घराच्या पश्चिमेला आता मोठी बिल्डिंग झालीय. दुपार कलली की तिची सावली अंगणात येते, म्हणून थंडीपासून तात्याबांची खाट पडवीच्या उन्हाच्या टोकाला सरकवलेली असते. आम्ही गोठ्याच्या बाजूने आलो. घरात चिटपाखरू नव्हतं. हर्षाली कामावर, रतनकाकू, म्हणजे आदिनाथची आई, वैरणीला गेलेली.

आदिनाथ गोठ्याच्या कोपऱ्यावर एकदम थांबला. मी त्याच्यावर आदळलो.

तात्याबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर घरातला जुना टॅब होता. हर्षाली रोज सकाळी कामावर जाताना त्यावर कीर्तन लावून द्यायची, ऐकतायत की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना. कीर्तन कधीच थांबलेलं होतं. तात्याबांचा डावा हात हवेत होता. एक बोट पुढे काढलेलं. ते बोट थरथरत खाली यायचं, एका जागी टेकायचं, पुन्हा वर जायचं. मग तात्याबा बराच वेळ बघायचे, ओठ हलवायचे, आणि बोट पुन्हा खाली. उजवा हात शेजारी उशीवर निपचित पडलेला. कपाळावर घाम. शेतात नांगर धरलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते ना, तसली नजर.

मी आदिनाथच्या दंडाला धरलं. त्याने मान हलवली, बोलू नको म्हणून.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मी समाधीपुढे इतका निश्चल कधी उभा राहिलो नसेन. शेवटी बोट एकदा खालच्या कोपऱ्यात टेकलं आणि तात्याबांनी डोळे मिटून डोकं भिंतीला लावलं.

आदिनाथच्या हातातला फोन थरथरला.

त्याने मला दाखवला. 'रतनला विचार. माझं रोज खाती.'

आजारी पडल्यापासून तात्याबा ताटात निम्मं टाकायचे. काकू त्यांना भरवायच्या आणि उरलेलं, लाळ लागलेलं, कालवलेलं, तिथंच बसून स्वतः खायच्या. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

आदिनाथ पुढे गेला आणि खाटेशी खाली बसला. तात्याबांनी डोळे उघडले. लेक अवेळी घरी कसा, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलेला मी पाहिला. त्या चेहऱ्यावर इतके महिने प्रश्न उमटत असतील आणि आम्ही तो चेहरा भिंतीकडे वळवून ठेवला होता.

"तात्या," आदिनाथ म्हणाला, "सांगितलं का न्हाई?"

तात्याबांनी टॅब ओढला. आम्ही थांबलो. बोट चाललं. 'आधी कीर्तन.'

तेवढ्यात काकू वैरणीचा भारा घेऊन आल्या. आदिनाथने सगळं सांगितलं. आठवण पाठवली की टॅबवर वर पट्टी उमटते, घरचा ईमेल एकच असल्यामुळे. तिला बोट लावून तात्या वाचायचे आणि लिहायचे. काकूंनी भारा खाली टाकला आणि पायरीवर बसल्या.

"म्हंजे समदं कळत हुतं?" त्यांनी विचारलं.

तात्याबांनी मान हलवली.

"पयल्यापासनं?"

पुन्हा मान.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आन् मी वन्संबद्दल ह्यांच्याम्होरं काय काय बोलली."

तात्याबांचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसता येत होतं.

"हसताया काय," काकू म्हणाल्या, आणि उठून त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला लागल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

काल्याच्या दिवशी मंडप भरला होता. नव्या सोसायट्यांमधली माणसंही खुर्च्या धरून बसली होती. तात्याबांना आम्ही चौघांनी खुर्चीसकट उचलून पुढे आणलं, काकू त्यांच्या पायाशी बसल्या. आमच्या भजनातल्या खंडूने पखवाज लावला. आदिनाथ धोतर, सदरा, गळ्यात उपरणं घालून उभा राहिला तेव्हा मागून मला त्याची मान दिसत होती, घामाने निथळलेली.

त्याने भुकेपासून सुरुवात केली. प्रेस चालू असताना पोटात कसे कावळे ओरडतात, घड्याळाचा काटा कसा हलत नाही, शेजारच्याचा चेहरा बघून आपली भूक कशी कळते. माणसं हसली. मग त्याने रान आणलं, गुरं आणली, उपाशी पोरं आणली, आणि देवाला त्यांच्यात बसवलं. हिंदुराव मांडीवर ताल धरायला लागले.

मग उष्ट्याची गोष्ट आली. "देव उष्टं का खातो," आदिनाथ म्हणाला, "हे मला समजत नव्हतं. मी विचारलं. मला उत्तर आलं..." आणि त्याची नजर आईवर गेली.

आवाज बसला. त्याने घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, शब्द येईना. कीर्तनकार थांबला की टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलायचं असतं. आम्ही उचललं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तो येईना. घाबरलेल्या माणसांचं होतं तसं आमचं झालं, प्रत्येक वेळी सूर वर वर चढत गेला, टाळ जोरात वाजायला लागले. आता तो इतक्या वरच्या पट्टीत शिरणार कुठून? हिंदुरावांचा हात मांडीवर थांबला. मला त्यांचं बोलणं आठवलं: एकदा गेलेलं परत यायचं न्हाई.

तेव्हा खुर्चीतून तात्याबांचा डावा हात वर आला. तेच बोट, थरथरत. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि हळूहळू खाली आणलं.

खाली घे.

आम्ही खाली आलो. खंडूने पखवाज मऊ केला. टाळ नुसते एकमेकांना लागत राहिले. त्या खालच्या सुरात आदिनाथ आला, गाण्यात नाही, साध्या बोलण्यातच आला.

"मला उत्तर आलं, आईला विचार. माझ्या घरात एक माणूस अर्धी भाकरी ताटात ठेवतो. आणि एक माणूस ती रोज खातो. नाइलाज म्हणून नाही, उपकार म्हणून नाही. टाकवत नाही म्हणून. देवालाही पोरांचं टाकवलं नाही."

एवढंच बोलला. लांबवलं नाही.  मी टाळ वाजवत होतो, आणि हातातले टाळ मला दिसत नव्हते. काकूंनी मान खाली घातली होती. त्यांच्या डोक्यावर तात्याबांचा डावा हात होता.

हंडी फुटली तेव्हा हिंदुरावांनी पहिला काला नेऊन तात्याबांच्या तळव्यावर ठेवला. "तात्याबा," ते म्हणाले, "फुडल्या सालची तारीख बाहेर कुणाची धरत न्हाई मी." तात्याबांनी त्यातला अर्धा खाल्ला आणि हात तसाच काकूंपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसमध्ये. आदिनाथचा आवाज बसलेला, माझे तळवे टाळांनी सोललेले. फोन थरथरला. कुठल्या आठवणीला आलेलं उत्तर नव्हतं हे. आदिनाथने काही पाठवलंच नव्हतं. नवाच ईमेल होता. विषय: आठवण. तात्याबांनी स्वतःसाठी काही मागितलेलं हे पहिलंच.

'चहात साखर. रतन ऐकत न्हाई. तू सांग.'

आदिनाथने तिथूनच घरी फोन लावला. काकूंचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. "वाचा नव्हती तवा बिनसाखरेचा गुमान पीत हुते. त्यास्नी म्हणावं, डाक्टरला ईमेल करा."

आदिनाथने ते जसंच्या तसं लिहिलं आणि पाठवलं. तीनचं बटण दोनदा अडकलं. फोन दोन्ही तळव्यांत धरून तो खिडकीबाहेर बघत बसला. बस इंद्रायणीच्या पुलावर आली. पुलावर आम्ही सगळे नदीला हात जोडतो, तसे त्यानेही जोडले, आणि जोडलेल्या हातांतच फोन थरथरला.